वेब ब्राउझरमधील सदिश चित्रांकनातील भिन्नता : वारली चित्राकृतींच्या संदर्भात

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके वारली चित्रपरंपरेचे प्रमुख क्षेत्र होत. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेल्या या चित्रांत वर्तुळ, त्रिकोण व चौकोन हे मूलभूत आकार असतात. गंजाड येथील चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. भूमितीय स्वरूपामुळे ही चित्रे सदिश (व्हेक्टर) पद्धतीने जतन करणे सोयीचे ठरते. तथापि, एकच फाइल निरनिराळ्या ब्राउझरमध्ये निरनिराळी दिसू शकते. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा केली आहे.

सदिश चित्राचे स्वरूप :
छायाचित्रात प्रत्येक बिंदूचा रंग साठविलेला असतो. सदिश चित्रात केवळ आकृतीचे वर्णन असते. ते वाचून ब्राउझर प्रत्येक वेळी चित्र नव्याने काढतो. यासाठीचे एसव्हीजी हे प्रमाणक २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने स्वीकारले. फायरफॉक्सने २००५ मध्ये, तर इंटरनेट एक्सप्लोररने २०११ मध्ये त्यास अंगभूत आधार दिला. आज क्रोम व एज 'ब्लिंक', फायरफॉक्स 'गेको' आणि सफारी 'वेबकिट' या इंजिनांवर चालतात.

भिन्नतेची कारणे :
१) कडा : वारली मनुष्याकृतीत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले असतात. हे टोक पडद्यावरील पिक्सेलच्या मधोमध न पडता सीमेवर पडल्यास ब्राउझर तेथे फिकट छटा भरतो. लहान आकारात ही छटा इतकी पुसट होते की कमरेपाशी आकृती तुटल्याचा भास होतो. कडा किती रेखीव ठेवावी याविषयीची 'शेप-रेंडरिंग' ही सूचना प्रमाणकानुसार केवळ सूचनाच असल्याने प्रत्येक इंजिन तिचा अर्थ आपल्या परीने लावते.

२) आकारमान : पानातच अंतर्भूत केलेल्या चित्रास 'व्ह्यूबॉक्स' नसल्यास ते लहान होण्याऐवजी कापले जाते. रुंदी व उंची न दिल्यास ३०० × १५० पिक्सेल हे माप गृहीत धरले जाऊ शकते.

३) अक्षरे : चित्राखालील देवनागरी मजकुराचा फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसल्यास ब्राउझर दुसरा फॉन्ट योजतो व ओळीची लांबी बदलते. अक्षरांचे रेषांत रूपांतर केल्यास रूप टिकते, परंतु मजकूर शोधता येत नाही.

उपाय व निष्कर्ष :
दोन्ही त्रिकोणांची टोके किंचित एकमेकांत शिरतील अशी आकृती काढावी, व्ह्यूबॉक्स व मापे नमूद करावीत, फॉन्ट सोबत जोडावा आणि तिन्ही इंजिनांवर चित्र तपासावे. मात्र टोके किती शिरवावीत, हा निर्णय केवळ तांत्रिक नाही. कंबर जाड झाली की नाचणाऱ्या आकृतीचा तोलच बदलतो. म्हणून अंतिम रूपास चित्रकाराची मान्यता घेणे आवश्यक ठरते; अन्यथा जतन होते ते चित्र नव्हे, तर ब्राउझरने लावलेला त्याचा अर्थ.