अवघड आमदार : गणपतराव देशमुख यांची कारकीर्द

नेवाशात व्याख्यान द्यायचं म्हटलं की कोणाही वक्त्याला थोडं दडपण यावं. याच गावात एका खांबाशी बसून ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. सव्वासातशेहून अधिक वर्षं झाली त्याला. आजचं आमचं बोलणंही कोणीतरी उतरवून घेणार आहे, तेव्हा जपून बोलू.

विषय आहे एका डाव्या आमदाराची कारकीर्द. शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचं निधन झालं. त्या दिवशी आणि नंतरही त्यांच्याविषयी जे छापून आलं, त्यात दोन गोष्टी हटकून होत्या. ते अकरा वेळा निवडून आले, आणि ते एसटीने प्रवास करत. दोन्ही खऱ्या आहेत. पण एवढ्यावरच थांबलो, तर आपण त्यांचं कौतुक करून त्यांना बाजूला ठेवलं असं होतं. साधेपणाला हार घातला की त्या माणसाने मांडलेले प्रश्न अंगाला लागत नाहीत. आज आपण प्रश्नांकडे बघू. साधेपणाकडे नंतर येऊ, वेगळ्या वाटेने.

आधी हिशेब मांडू. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली, आणि नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली १९६२ साली. सांगोल्यात वकिली करणारे गणपतराव त्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आले. १९६७ ला पुन्हा आले. १९७२ ला हरले. १९७४ ला पोटनिवडणूक लागली, ती जिंकली. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. पुढे १९९५ ला पराभव, आणि तोही अवघ्या १९२ मतांनी. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजून बघा, अकरा होतात. २०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. म्हणजे तेरा लढती, अकरा विजय, आणि सभागृहात सुमारे पन्नास वर्षं.

या पन्नास वर्षांत ते सत्तेत किती होते? १९७८ साली शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, त्यात ते मंत्री होते. ते सरकार दोन वर्षंही टिकलं नाही. १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात पुन्हा मंत्री झाले, तेही थोड्याच काळासाठी. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकांवर. १९७७-७८ मध्ये तर ते विधानसभेतले विरोधी पक्षनेतेच होते.

आता खरा प्रश्न असा. ज्याच्या हातात सत्ता नाही, निधी नाही, बदल्या नाहीत, त्या आमदाराला लोकांनी अकरा वेळा कशासाठी निवडून द्यावं? आपल्याकडे तर सरळ म्हणतात, 'विरोधातला आमदार म्हणजे तालुक्याची पाच वर्षं वाया.' सांगोलेकरांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणणार?

याचं उत्तर शोधायचं तर आमदाराचं काम म्हणजे नेमकं काय, हे बघावं लागतं. रस्ता मंजूर करून आणणं, लग्नाला जाणं, दहाव्याला जाणं, हे आपल्याला दिसतं. सभागृहातलं काम दिसत नाही. तिथे साध्या सदस्याच्या हातात काही हत्यारं असतात. तारांकित प्रश्न असतो, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून तोंडी द्यावं लागतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना असते. अर्धा तास चर्चा असते. अर्थसंकल्पावर कपात सूचना असते. तिने पैसे कापले जात नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या निमित्ताने खात्याचा कारभार चव्हाट्यावर येतो. अशासकीय विधेयक असतं, ते बहुतेक वेळा पडतं, पण विषय नोंदीवर राहतो.

एका प्रश्नाचा प्रवास कसा होतो बघा. आमदार विचारतो, अमुक कालव्याचं काम कुठवर आलं? तो कागद मंत्रालयात जातो, खात्याकडून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यावरून कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर. बांधून ठेवलेली फाईल सुटते. उत्तर लिहावंच लागतं, आणि ते उत्तर छापलं जातं. पुढच्या अधिवेशनात तोच आमदार तेच उत्तर हातात घेऊन पुन्हा उभा राहतो, 'मागच्या वेळी आपण म्हणाला होता...' हे एकदा केलं तर काही होत नाही. वर्षानुवर्षं केलं तर प्रशासनाला त्या माणसाची स्मरणशक्ती सांभाळून वागावं लागतं. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, अभियंते निवृत्त होतात. टिकून राहतो तो प्रश्न विचारणारा. सत्ता नसलेल्या माणसाची ही सत्ता आहे, आणि म्हणून शीर्षकात आम्ही 'अवघड आमदार' म्हटलं.

गणपतरावांचा हा प्रश्न होता पाण्याचा. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी आहे, पण तिच्या भरवशावर शेत करता येत नाही. कृष्णा पश्चिमेला भरून वाहते आणि माणदेश कोरडा. बच्छावत लवादाने १९७६ साली कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं. कागदावर पाणी आलं. पण दुष्काळी तालुके उंचावर. तिथे पाणी न्यायचं तर टप्प्याटप्प्याने उपसून न्यावं लागतं. पंप हवेत, वीज हवी, पैसा हवा, आणि सगळ्यात आधी 'यांनाही द्यायचंय' ही राजकीय इच्छा हवी. ती आपोआप येत नसते. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा होऊ लागल्या. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांमागे तिचा रेटा आहे.

त्या चळवळीची मागणी नीट ऐका, कारण डावेपणा तिथे आहे. 'आमच्या तालुक्याला पाणी द्या' ही मागणी कोणताही आमदार करतो. ती मागणी होती समन्यायी वाटपाची. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसाच्या मापाने द्या. ज्याच्याकडे जमीन नाही त्या कुटुंबाचाही पाण्यावर हक्क धरा. म्हणजे पाणी ही कोणाच्या बांधावरून चालली म्हणून त्याची झालेली मालमत्ता नाही, ती समाजाची आहे. आमच्या तत्त्वज्ञानाच्या विषयात याला वाटपाच्या न्यायाचा प्रश्न म्हणतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. माणदेशातले शेतकरी तो प्रश्न घमेल्या-फावड्याच्या भाषेत विचारत होते.

आता इथे, नेवाशात, हे ऐकायला गोड वाटतं का? जरा प्रामाणिकपणे विचारू. हा मुळा धरणाच्या लाभक्षेत्रातला तालुका. सव्वीस हजार दशलक्ष घनफूट क्षमतेचं धरण वर राहुरी तालुक्यात, कालवा आपल्या दारात, सोनईला आणि भेंड्याला साखर कारखाने. पाणी म्हणजे ऊस हे समीकरण आपल्या अंगवळणी पडलंय. पण आपल्याच जिल्ह्यातला एक डावा नेता या समीकरणावर बोट ठेवून गेला आहे. कॉम्रेड दत्ता देशमुख, संगमनेरकडचे, शिक्षणाने अभियंता, एकेकाळी शेकापमध्ये आणि पुढे लाल निशाण पक्षात. प्रा. वि. म. दांडेकर, देऊसकर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीने १९७९ साली आठमाही पाण्याचा विचार मांडला. साध्या शब्दांत सांगायचं तर धरणाचं पाणी बारमाही पिकाला न देता खरीप आणि रब्बीच्या आठ महिन्यांना द्यावं, म्हणजे तेच पाणी कितीतरी जास्त शेतकऱ्यांना पुरेल. उसाच्या पट्ट्यात हा विचार कसा रुजणार? आदर मिळाला, अंमल मिळाला नाही.

आणि गंमत बघा, आज जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न आला की आपण नगर-नाशिकवाले अस्वस्थ होतो. समन्यायी वाटपाचं तत्त्व २००५ च्या कायद्यात आलं, आणि त्याच आधाराने खालचे लोक पाणी मागतात. याच तालुक्यातल्या कित्येक गावांच्या जमिनी त्या जायकवाडीत बुडाल्या, हेही खरं. म्हणजे एकाच तालुक्यात पाणी मिळालेला आहे, पाण्यापायी उठलेला आहे, आणि पाण्याची वाट बघणाराही आहे. सांगोल्याचा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही.

डाव्या लोकप्रतिनिधींची ही अडचण जगभर दिसते. ब्राझीलचं उदाहरण घेऊ. फ्लोरेस्तान फर्नांडिस हे साओ पावलोचे नामवंत समाजशास्त्रज्ञ. १९८६ साली ते मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि नवी राज्यघटना करणाऱ्या सभेत बसले. १९८८ च्या त्या घटनेत जमिनीला सामाजिक कर्तव्य असतं हे तत्त्व आलं. ते न पाळणारी जमीन फेरवाटपासाठी घेता येईल असं ठरलं. पण सोबत हेही आलं की उत्पादक जमीन फेरवाटपासाठी घेता येणार नाही. मग सगळी लढाई 'उत्पादक' या एका शब्दावर आली. थोडक्यात, कायद्यात तत्त्व येणं ही अर्धी वाट. उरलेली अर्धी वाट चालायला कोणीतरी चिवट माणूस लागतो.

आता साधेपणाकडे येऊ. माक्स वेबर या जर्मन विचारवंताने १९१९ साली म्युनिकला राजकारण या व्यवसायावर व्याख्यान दिलं होतं. त्यात त्याने एक फरक सांगितला. काही लोक राजकारणासाठी जगतात, काही राजकारणावर जगतात. पण तो इथे थांबला नाही. तो पुढे म्हणतो की राजकारणासाठी जगायचं तर माणूस राजकारणातल्या मिळकतीपासून स्वतंत्र हवा, आणि म्हणून ते सहसा श्रीमंतांनाच परवडतं. हा फार कडवा मुद्दा आहे. गरिबांचं राजकारण करणाऱ्याने हे स्वातंत्र्य आणायचं कुठून?

गणपतरावांच्या एसटीचा अर्थ आम्हाला इथे लागतो. स्वातंत्र्य मिळवायचे दोन मार्ग. एक, भरपूर पैसा असणं. दोन, गरजाच इतक्या कमी ठेवणं की कोणाकडे काही मागावं लागू नये. ज्याला गाड्यांचा ताफा पोसायचा नाही त्याला ठेकेदाराची गरज पडत नाही. ज्याला निवडणुकीत पैसा ओतायचा नाही त्याला तो नंतर वसूलही करावा लागत नाही. पन्नास वर्षं एकाच पक्षात राहून अवघड प्रश्न विचारायचे असतील, तर असं राहावंच लागतं. साधेपणा हा त्यांच्या कामाचा खर्च होता, आणि तो त्यांनी आयुष्यभर भरला.

दुसरी बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर ही श्रद्धांजली होईल. १९६२ च्या विधानसभेत शेकापचे पंधरा आमदार होते आणि त्याच पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. २०१४ ला पक्षाचे आमदार उरले तीन. आमदार मोठा होत गेला आणि पक्ष आटत गेला. मग लोक निवडून देत होते ते विचाराला की माणसाला? २०१९ ला गणपतराव थांबले, त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. पक्ष तोच, मतदारसंघ तोच, घरही तेच. समतेचा विचारसुद्धा अखेर एका घराच्या नावावर उभा राहत असेल, तर दोष घराला देऊन भागत नाही. कार्यकर्त्यांची दुसरी फळी का उभी राहिली नाही, हे पक्षाला विचारावं लागेल. आणि आपण मतदार विचारापेक्षा चेहऱ्यावर का विसंबतो, हे स्वतःलाही विचारावं लागेल.

मग आमची सुरुवातीची शंका, विरोधातल्या आमदाराला अकरा वेळा का निवडून दिलं? आम्हाला वाटतं, सांगोल्याच्या लोकांनी एक गोष्ट ओळखली होती. त्यांचा प्रश्न पाच वर्षांत सुटणारा नव्हता. डोंगरापलीकडून पाणी आणायला पिढी लागते. अशा कामाला आज मंत्री आणि उद्या दुसऱ्या पक्षात असा माणूस उपयोगी पडत नाही. तिथे हवा असतो तो जागचा न हलणारा. त्यांनी कंत्राट दिलं नव्हतं, वकीलपत्र दिलं होतं. खटला लांबला म्हणून शहाणा पक्षकार वकील बदलत नाही, जोवर वकील प्रत्येक तारखेला हजर राहतो.

जाता जाता एकच काम सांगतो. विधिमंडळाचं कामकाज छापलेलं असतं, बरंचसं आता संगणकावरही बघायला मिळतं. आपल्या तालुक्याच्या आमदाराने, तो कुठल्याही पक्षाचा असो, गेल्या अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराचा पाठपुरावा केला का, एवढं शोधून काढा. हे तिघाचौघांनी मिळून केलं तर एका संध्याकाळचं काम आहे. नंतर ते पारावर वाचून दाखवा. आमदार अवघड असावा असं वाटत असेल, तर आधी मतदारांनी थोडं अवघड व्हायला हवं.