बिंदूचा चित्रकार

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. लहानपणी त्यांचे मन अभ्यासात लागत नसे. म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहायला सांगितले. पुढे नागपूर व मुंबई येथे चित्रकला शिकून ते १९५० साली फ्रान्सला गेले. तेथे त्यांनी नाव कमावले. पण आपल्या चित्रांत आपला देश कुठे आहे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. उत्तर शोधताना तो जुना ठिपकाच उपयोगी पडला. त्याचा मोठा काळा बिंदू झाला. बीजातून झाड उगवते, तसे बिंदूतून आकार व रंग जन्मतात, हे त्यांना दाखवायचे होते. २०१६ साली त्यांचे निधन झाले. मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.