पत्रांची पिशवी आणि विमान

मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचे पत्र लांबले, तर जीव कसा टांगणीला लागतो, हे जुन्या माणसांना विचारा. आपल्या देशात पहिली मोठी विमान कंपनी निघाली, ती अशा पत्रांपायीच. माणसे बसवायची हा विचार मागून आला.

कंपनी काढणाऱ्याचे नाव जे. आर. डी. टाटा. जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस शहरी. वडील पारशी, आई फ्रेंच. लहानपणी सुटीत ही मंडळी फ्रान्समध्ये समुद्रकाठी राहात. तिथे शेजारी होता ब्लेरियो. त्याने १९०९ साली विमानाने इंग्लंडची खाडी ओलांडली होती. मग काय! पोराच्या डोक्यात विमानाने घर केले. पंधराव्या वर्षी तो विमानात बसून आला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याला विमान चालविण्याचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला. त्यावर आकडा होता १.

त्या वेळी विलायतेचे टपाल कराचीपर्यंत विमानाने येई. कराची तेव्हा आपल्याच देशात होती. तिथून मुंबई, मद्रास मात्र रेल्वेने. त्यात दिवस जात. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक वैमानिक टाटांकडे आला आणि म्हणाला, पुढचे टपालही आपण विमानाने नेऊ. सरकारकडे मदत मागितली. सरकार काही देईना. दोनतीन वर्षे नुसती लिहापढी चालली. शेवटी टाटांनी कळविले, मदत राहू द्या, जेवढे टपाल नेऊ तेवढ्याचीच मजुरी द्या. ही गोष्ट धाडसाची होती, कारण टपाल कमी निघाले तर तोटा त्यांच्याच माथी.

१५ ऑक्टोबर १९३२. भल्या सकाळी टाटा स्वतः कराचीहून निघाले. विमान एका इंजिनाचे, अगदी चिमुकले. आत २५ किलो पत्रे. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचे. ते पेट्रोल डब्यांतून आले, आणि डबे आले बैलगाडीतून! दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत व्हिन्सेंटने नेले.

जुहूला धड विमानतळ नव्हता, नुसते मातीचे मैदान. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतते ना, तशीच तिथे गत. म्हणून पावसाळ्यात सारा कारभार पुण्याला हलवीत.

धंदा वाढला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. टाटांना ते पटले नाही. तरीही सरकारने बोलावले, तेव्हा अध्यक्षपद त्यांनी घेतले. विमानात बसले की हा माणूस वहीत टिपणे करी. पडदे कसे आहेत, चहा कॉफीसारखा काळा का झाला, असले सगळे. मालकी गेली तरी घरच्यासारखी काळजी. १९७८ साली सरकारने त्यांना पदावरून काढले. मला तरी ते योग्य वाटत नाही.

१९८२ साली त्या पहिल्या फेरीला पन्नास वर्षे झाली. टाटा तेव्हा ७८ वर्षांचे. ते पुन्हा कराचीला गेले, तसल्याच एका जुन्या चिमुकल्या विमानात बसले आणि स्वतः चालवीत मुंबईला आले.

१९९३ साली ते वारले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया परत टाटांच्या हाती आली.