अस्सल आणि नक्कल : मोडी वाचकाचा एक दिवस

सकाळी 7. पिरंगुटचा रस्ता कंपन्यांच्या बसनी तुंबायच्या आत फोनवर आलेले कागद चाळून घेतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. कुणबी म्हणून ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा भक्कम धरतात. आज एका घराचे पणजोबा शोधायचेत.

10. शाळा. जुनं जनरल रजिस्टर जीर्ण झालं म्हणून कुणा मास्तरांनी बाळबोधीत उतरवून काढलंय. त्यात पणजोबा लगेच सापडतात: धोंडी बाळा. गावाच्या रकान्यात वर पिरंगुट आणि खाली ओळीने कित्ता, कित्ता, म्हणजे 'वरीलप्रमाणेच'. "काका, झालं की काम!" पणतू खूश. पिरंगुटच्या जन्मनोंदीत मात्र हे घर सापडलेलं नाही. मी मुख्याध्यापिकांना विचारतो, "बाई, मूळचं रजिस्टर आहे का हो?"

"आहे, पण पानं सुटलीत. जपून."

11. मूळ रजिस्टर मोडीत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिच्याखाली एकसलग लिहीत जायचं. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बोट ठेवून सावकाश वाचतो. धोंडीपुढे पिरंगुट नाही. मुळशी धरणाखाली गेलेल्या एका गावाचं नाव आहे. उतरवताना कित्ता एक ओळ जास्त ओढला गेलाय. 1921 च्या सत्याग्रहानंतरही धरण झालंच आणि ही माणसं इकडे सरकली.

1. पौड, तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम. आता कागदांचा रुमाल त्या बुडालेल्या गावाचा मागवायचा. गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद: 'बाळा बिन राणू, कुणबी, मुलगा'. पोराचं नावच नाही, कारण नोंद बारशाआधीची. शाळेत नाव आहे, इथे आजा आहे. सालात वर्षाचा फरक पडतो. शाळेतलं वय मास्तरांनी अंदाजाने घातलेलं असायचं, म्हणून साल नमुना 14 चं धरायचं. बाळाच्या घरी मागेपुढे दुसरा मुलगा नोंदलाय का, तेही पाहतो. नाही.

4. नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, चहा. पोलंडमध्ये घराण्यांचा शोध घेणारेही असेच दोन ठिकाणचे कागद ताडून पाहतात. रशियन अमलाखालच्या भागात चर्चच्या नोंदींची एक प्रत गावात राही, दुसरी कोर्टाच्या दप्तरात जाई. 1868 पासून लिहायचंही रशियनमध्ये. युद्धात एक जळाली तर दुसरी कामाला येते आणि दोन्ही असल्या तर ताडून पाहता येतात.

7. घरी वंशावळ मांडतो: राणू, बाळा, धोंडी. पणतू विचारतो, "काका, शाळेचं नवं रजिस्टर वगळू का? दाखला देणारे उगाच शंका काढतील."

"वगळू नकोस. तिन्ही कागद जोड, आणि कित्ता कुठे चुकला ते लिहून दे. फरक आपण दाखवला तर खुलासा ठरतो. त्यांनी काढला तर त्रुटी."