सूर्याच्या माथ्यावरचा वारा

सूर्याशी आपलं नातं तसं रोजचंच. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालायचं, उन्हाळ्यात त्याच्याच भरवशावर गच्चीत कुरडया-पापड वाळत टाकायचे. पण या सूर्याचा माथा कुणी पाहिलाय का? देवळाला जन्मभर प्रदक्षिणा घालावी आणि कळस मात्र दिसू नये, तशी आपली गत. पृथ्वी फिरते ती सूर्याच्या कमरेच्या पातळीत. त्यामुळे त्याचे दोन्ही ध्रुव इथून नीट दिसतच नाहीत.

सूर्य नुसतं ऊन देत नाही. विजेचा भार असलेल्या अतिसूक्ष्म कणांचा झोत त्याच्यापासून सतत चहूकडे वाहत असतो. हाच सौरवारा. सूर्यावर स्फोट झाले की काही कण आणखी ऊर्जा घेऊन सुसाट सुटतात. ‘आपल्याला काय त्याचं?’ असं वाटेल. पण मार्च १९८९ मध्ये सौरवादळानं कॅनडातल्या क्विबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोकांची वीज घालवली, ती तब्बल नऊ तास! उपग्रह बिघडले तर टीव्हीपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत सगळ्याची पंचाईत. म्हणून हा वारा समजून घ्यायला हवा, आणि तोही सगळ्या बाजूंनी.

त्यासाठी युरोप आणि अमेरिकेनं मिळून ६ ऑक्टोबर १९९० रोजी ‘युलिसिस’ हे यान सोडलं. गंमत बघा, जायचं सूर्याकडे, पण ते आधी गेलं गुरूकडे! पृथ्वीच्या पातळीतून थेट बाहेर पडण्याएवढं बळ रॉकेटमध्ये नव्हतं. फेब्रुवारी १९९२ मध्ये गुरूच्या ओढीनं यानाची वाट वळवली. मग १९९४ मध्ये ते सूर्याच्या दक्षिण ध्रुवावरून आणि १९९५ मध्ये उत्तर ध्रुवावरून गेलं. अर्थात फार जवळून नव्हे, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुपटीच्या आसपास राहून.

तेव्हा सूर्य शांत होता. त्याच्या कमरेजवळचा वारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाचा, तर ध्रुवांवरचा ७५० किलोमीटरचा निघाला. म्हणजे एका सेकंदात मुंबईहून नागपूर! संथ आणि वेगवान वारे एकमेकांवर आदळतात, तिथे कणांना आणखी वेग मिळतो. ही टक्कर खाली, कमरेच्या बाजूला होते. पण तिथले कण पार वर ध्रुवांकडेही सापडले. दूर अंतराळातून येणारे विश्वकिरण ध्रुवांवरून मोकळेपणी आत शिरत असतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. तोही चुकला. तिथल्या चुंबकीय लाटा त्यांना अडवत होत्या. पुढे २०००-०१ मध्ये सूर्य खवळलेला असताना यान पुन्हा वर गेलं, तेव्हा स्फोटांतले कण ध्रुवांवरही पोचलेले दिसले. थोडक्यात, सूर्य भडकला की सुरक्षित कोपरा उरत नाही.

शेवटी यानातली वीज मंदावली. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं त्याचं इंधन नळ्यांत गोठेल अशी भीती होती. मग दर दोन तासांनी थोडं थोडं इंधन सोडून ते वाहतं ठेवलं गेलं. असा वर्षाहून अधिक काळ काढून ३० जून २००९ रोजी यानाचं काम थांबलं.

युलिसिसकडे कॅमेरा नव्हता. ती उणीव ‘सोलर ऑर्बिटर’नं भरून काढायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये त्यानं कमरेच्या पातळीखालून सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची छायाचित्रं घेतली.

सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेलं आपलं ‘आदित्य-एल१’ ध्रुवांवर जात नाही. पण सौरवारा आणि हे ऊर्जावान कण तेही मोजतं. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’नं घडवलीय. आणि या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी, एक बाई! दहावीनंतर ‘मुलीला सायन्स कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर हे नाव जरूर सांगा.