आभासी रुग्णाची भाषा

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला औषधाची मात्रा आणि दुष्परिणाम पुस्तकातून शिकता येतात. रुग्णाशी बोलावे कसे, हे मात्र बोलूनच शिकावे लागते. आणि तिथली चूक रुग्णाला भोवते. म्हणून सरावासाठी 'नकली' रुग्ण आला. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर रुग्णाची भूमिका वठवणारी, त्यासाठी शिकवून तयार केलेली व्यक्ती बसवली. आभासी रुग्ण हे त्याचेच संगणकीय रूप. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागाने असे रुग्ण तयार केले आहेत.

पडद्यावरील या रुग्णाला वय, आजार, चालू औषधे आणि स्वभाव दिलेला असतो. विद्यार्थी प्रश्न विचारतो, रुग्ण उत्तर देतो. काही गोष्टी मात्र तो विचारल्याशिवाय सांगत नाही. शेवटी कोणता प्रश्न राहिला, कुठे जड शब्द वापरला, हे विद्यार्थ्याला कळते आणि तोच संवाद पुन्हा करता येतो.

आता प्रश्न असा, की हा रुग्ण कोणत्या भाषेत बोलणार? आपल्याकडे बी. फार्म.च्या पहिल्या सत्रात संवादकौशल्य हा विषय आहे, आणि २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम आहे. पण शिक्षण इंग्रजीत होते आणि दुखणे घरच्या भाषेत सांगितले जाते. बेळगावात, इंदुरात किंवा बडोद्यात दुकानातला व्यवहार अन्य भाषेत चालला, तरी मराठी घरातली आजी आपली कळ, ठणका, मुंग्या मराठीतच सांगते.

'पित्त' हा एकच शब्द पाहा. छातीत जळजळते तेव्हा 'पित्त झालंय', अंगावर गांधी येतात तेव्हा 'पित्त उठलंय', डोके दुखून उलट्या होतात तेव्हाही पित्तच. तिन्हींची औषधे वेगळी. शिवाय छातीतली जळजळ कधी हृदयविकाराचीही खूण असते. 'पित्ताची गोळी द्या' म्हणणाऱ्याला 'म्हणजे नेमकं काय होतंय?' असे विचारण्याची सवय इंग्रजी बोलणारा आभासी रुग्ण लावू शकत नाही.

उत्तर देतानाही भाषा तोलावी लागते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. 'समजलं ना?' म्हटले की रुग्ण मान डोलावतो. त्याऐवजी 'आजी, ही गोळी कुठल्या वारी घेणार, सांगा बघू,' असे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. 'गावठी औषध चालू आहे का?' हा प्रश्नही दरडावून विचारला, तर खरे उत्तर मिळत नाही.

पडद्यावरचा रुग्ण कंटाळत नाही, रुसत नाही. खरा माणूस दोन्ही करतो. म्हणून यंत्रावर सराव झाला, तरी माणसांशी बोलण्याचा सराव सुटत नाही. पण दोन्हींसाठी आधी संवाद लिहावा लागतो, आणि इथे भाषेच्या अध्यापकांचे काम सुरू होते. आपल्या गावात दुखणी कोणत्या शब्दांत सांगितली जातात, ते विद्यार्थ्यांकडून टिपून घ्यावे. त्यातून पाच-सहा रुग्णांचे संवाद लिहून जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयाला द्यावेत. संगणक नसला, तरी एक विद्यार्थी रुग्ण आणि दुसरा औषधनिर्माता होऊन तेच संवाद वर्गात करू शकतो. बोलीच्या अभ्यासाचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो.