बंदुकीचं लायसन्स कुठपर्यंत चालतं?

मी विंचूरहून बोलतोय. राज्य बदललं की बंदुकीचा कायदा बदलतो का?

अमेरिकेत बदलतो. आपल्याकडे शस्त्रं हा केंद्राचा विषय, म्हणून १९५९चा शस्त्र कायदा देशभर एकच. पण ड्रायव्हिंग लायसन्स जसं भारतभर चालतं, तसं इथं नाही. परवान्यावर जेवढं क्षेत्र लिहिलंय, तेवढ्यातच तो चालतो. त्याबाहेर बंदूक नेली, तर परवाना असून नसल्यासारखा. मोठा अपवाद कर्नाटकातल्या कोडगूचा: तिथल्या कोडवा लोकांना परवान्यातूनच सूट आहे.

आपलं विंचूर ग्रामीण भागात, म्हणून अर्ज नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी होतेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर नेमबाज खेळाडू वगळता एकाकडे जास्तीत जास्त २ बंदुका, आणि परवाना ५ वर्षांचा.

आता आपल्या कामाचं. वरातीत बेफिकीरपणे बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मित्राचा गावठी कट्टा रीलपुरता हातात धरला, तरी विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागू शकतो. पुरावा आपणच अपलोड केलेला असतो, भावांनो.